भाऊ गेला, आता समेट कुणाशी करू?

पत्र

माझं वय 58. अंधेरीतल्या एका गावठाणात आमचं वडिलोपार्जित घर होतं. बाबा मृत्युपत्र न करता गेले, पाठोपाठ आईही गेली. आम्ही दोघे भाऊ. धाकटा कुवेतला नोकरीला होता. घर पुनर्विकासाला द्यायचं ठरलं तेव्हा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून कुलमुखत्यारपत्र पाठवलं. त्याच कागदाच्या जोरावर मी त्याचं हक्कसोडपत्र करून घेतलं. फ्लॅट मला मिळाला, वरचे पैसेही मला मिळाले. तो परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं. भांडला नाही. नालासोपाऱ्याला भाड्यानं राहिला आणि चार वर्षांपूर्वी आजारी पडून गेला. त्याची बायको आणि दोन मुलं आजही तिथेच भाड्यानं राहतात.

मी 14 वर्षं कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, गेलेलो नाही. रविवारी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जातो, शेवटच्या बाकावर बसतो, ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की बाहेर येऊन उभा राहतो. दर सप्टेंबरला बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचं घर वाहतो. पत्नी दुपारी तीन वाजता दैवी दयेची जपमाळ म्हणते तेव्हा मी आतल्या खोलीत जातो. तिला यातलं काहीच माहीत नाही. प्रभूनं सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन भावाशी समेट कर. माझा भाऊ मातीत आहे. समेट कुणाशी करू? रात्र रात्र झोप लागत नाही. देवाच्या दयेला काही मुदत असते का?

– एक वाचक, अंधेरी

उत्तर

प्रिय बंधू,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुदत नसते. माणसाचा शेवटचा श्वास सुटेपर्यंत नसते. क्रुसावर प्रभूच्या बाजूला टांगलेल्या चोराला आयुष्य सुधारायला एक दिवससुद्धा उरला नव्हता, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 982 मध्ये म्हटलं आहे की चर्चला क्षमा करता येणार नाही असं एकही पाप नाही, ते कितीही घोर असो. अट एकच, पश्चात्ताप खरा हवा.

पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये, कारण तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. देव मला क्षमा करील का, हा एक. माझ्या भावाच्या घरच्यांचं जे माझ्याकडे आहे त्याचं काय, हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याच्या भीतीनं पहिल्याच्या जवळही जात नाही. दोन्ही सुटे करून पाहू.

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन तुम्ही इतकी वर्षं स्वतःवर शिक्षेसारखं वाचत आला आहात. भाऊ नाही, म्हणून समेट नाही, म्हणून वेदी नाही, असा तुमचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे असं मी ठामपणे सांगते, आणि त्यासाठी तुम्हाला दावीद राजाकडे नेते.

दावीदानं उरीयाची बायको घेतली आणि मग उरीयाला लढाईत सगळ्यात पुढे उभं करून मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला तेव्हा उरीया कधीच मेला होता. माफी मागायला माणूस उरला नव्हता. जे नेलं ते परत करायला घेणारा नव्हता. दावीद एवढंच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. आणि नाथानानं त्याला तिथेच सांगितलं की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हे सगळं आहे, आज रात्री झोप आली नाही तर काढून वाचा. नाथानानं दावीदाला सुनावण्यात काहीही कसर ठेवली नाही. त्या पापाचे परिणाम पुढे दावीदाच्या घराला भोगावे लागले तेही पवित्र शास्त्रानं लपवलं नाही. पण ज्याचा घात केला तो मेला म्हणून दयेचं दार बंद झालं, असं तिथे कुठेच नाही. त्याच दावीदाच्या नावावर असलेलं 51 वं स्तोत्र चर्च दर शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत म्हणतं. जगभरचे धर्मगुरू आणि सिस्टर्स दर आठवड्याला एका खुनी माणसाचे शब्द स्वतःचे म्हणून देवापुढे ठेवतात. चर्चनं हे उगाच ठरवलेलं नाही.

आता मेणाच्या घराविषयी. माउंट मेरीच्या बाहेर मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकायला असतात आणि ज्याला जे हवं ते तो आईपुढे ठेवतो. घर नसलेला माणूस मेणाचं घर वाहतो. तुमच्याकडे घर आहे. मग हे घर तुम्ही कुणासाठी मागता? माझा अंदाज चुकत नसेल तर नालासोपाऱ्याच्या त्या तिघांसाठी. तोंडानं जे मागायचं धाडस झालं नाही ते तुमचे हात दर सप्टेंबरला मागत आले. देवानं तुम्हाला टाकलं असतं तर तुम्ही त्या चढावर गेलाच नसता आणि तुम्हाला रात्री शांत झोप लागली असती. आपली श्रद्धा सांगते की पश्चात्ताप ही माणसाची कमाई नाही, पापी माणसाच्या मनात देवच तो सुरू करतो. तुम्हाला 14 वर्षं जे टोचतं आहे ती तुमच्यावरची शिक्षा आहे असं मला वाटत नाही. ती देवाची दयाच आहे, आणि तुम्ही बाहेर पायरीवर उभे असतानाही ती तुमच्या मागे लागलेली आहे.

ख्रिस्तप्रसाद न घेता बाहेर उभं राहणं, यात तुमचा प्रामाणिकपणा आहे. मनावर गंभीर पाप असताना चर्चचा नियमही तेच सांगतो. पण तो नियम माणसाला कन्फेशनकडे वळवण्यासाठी आहे, त्याला जन्मभर पायरीवर उभं करण्यासाठी नाही. आणि जाता जाता एक गोष्ट बोलतेच. कोण रांगेत गेलं आणि कोण बाकावर बसून राहिलं यावर डोळा ठेवणारी माणसं आपल्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीत, आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी जण कन्फेशनशिवाय रांगेत जातात, नाहीतर तुमच्यासारखे आधीच बाहेर पडतात. हे पाहवत नाही. दुसऱ्याच्या आत्म्याची हजेरी घ्यायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही.

कन्फेशनला जायची तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते ते पत्रात नाही, पण दोन भीती मला दिसतात. एक लाजेची. तुमच्या पॅरिशचे फादर तुमचं घर ओळखतात, कदाचित तुमच्या भावाला त्यांनीच माती दिली असेल. मग दुसऱ्या पॅरिशमध्ये जा. कन्फेशन ऐकण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याही धर्मगुरूकडे जायची मोकळीक चर्चच्या कायद्यानं प्रत्येकाला दिली आहे. चेहरा दाखवायचा नसेल तर जाळीआड बसा, चर्चमध्ये तशी जाळीची सोय असली पाहिजे असंही तो कायदा सांगतो. ऐकलेलं पाप धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही, पोलिसांना नाही, कोर्टात नाही, तुमच्या पत्नीला तर नाहीच. जाणूनबुजून ती गुप्तता मोडणारा धर्मगुरू त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. आणि लाज काय फक्त आपल्यालाच वाटते? 28 मार्च 2014 रोजी रोमच्या सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस लोकांची कन्फेशन ऐकायला निघाले होते. वाटेत ते वळले आणि सगळ्यांच्या देखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून आधी स्वतःचं कन्फेशन करून आले. पोप झाल्यावर पहिल्याच रविवारी, 17 मार्च 2013 ला, त्यांनी लोकांना सांगितलं होतं की देव क्षमा करून कधी थकत नाही, क्षमा मागून थकतो ते आपण.

दुसरी भीती अशी की फादर म्हणतील, आधी फ्लॅट परत कर, मग ये. इथे तुम्हाला जक्कयाची गोष्ट नीट वाचावी लागेल. यरीहोचा तो मुख्य जकातदार, बुटका, उंबरावर चढलेला. त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला, एवढं आपल्या सगळ्यांना आठवतं. पण ते तो कधी म्हणाला? प्रभूनं झाडाखाली थांबून त्याला नावानं हाक मारली, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे असं सगळ्या गावासमोर सांगितलं, त्यानंतर. आधी प्रभू त्याच्या घरी गेला आणि मग जक्कयाची मूठ सुटली. तुम्ही उलट्या क्रमानं चालायला बघता. आधी सगळं फेडीन, स्वच्छ होईन, मग देवापुढे तोंड दाखवीन. तसं 14 वर्षांत झालं नाही आणि पुढेही होणार नाही, कारण एवढं परत करायचं बळ एकट्या माणसात नसतं.

म्हणून आधी कन्फेशनला जा. या आठवड्यात जा. ईस्टरआधीच्या तपस्याकाळाची वाट बघू नका. आत गेल्यावर मोठं भाषण तयार लागत नाही. मला 14 वर्षं झाली, मी माझ्या भावाचा हिस्सा फसवून घेतला, भाऊ आता नाही, त्याची बायको-मुलं आहेत, एवढं बोललात तरी पुढे फादर तुम्हाला सांभाळून घेतील. प्रार्थना विसरली असेल तर तसंही सांगा.

मात्र एक गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. फ्लॅट, पैसा सगळं जसंच्या तसं ठेवायचं मनात पक्कं करून तुम्ही क्षमा मागायला गेलात, तर तो पश्चात्ताप नाही, आणि फादर क्षमा देताना थांबले तर त्यांचा दोष नाही. आज हातात सगळी रक्कम असायलाच हवी असं नाही. परत करण्याचा निश्चय खरा हवा आणि जमेल तिथून सुरुवात हवी. धर्मशिक्षण ग्रंथाचा 1459 वा परिच्छेद सांगतो की पापक्षमेनं पाप जातं, पण पापानं जे मोडलं ते आपोआप सांधलं जात नाही. अन्यायानं घेतलेलं मालकाला परत केलं पाहिजे असं 2412 वा परिच्छेद सांगतो, आणि तिथे दाखला जक्कयाचाच आहे. मालक हयात नसेल तर ते त्याच्या वारसांचं.

आणि वारस तर आहेत. भाऊ मातीत आहे असं तुम्ही लिहिलं, पण त्याची बायको आणि मुलं विरार लोकलनं जाण्याच्या अंतरावर आहेत. मत्तयाचं ते वचन तुम्हाला तिकडेच पाठवतं आहे.

थोडं कायद्याचंही सांगते, कारण किती परत करायचं हे धुकट राहिलं की माणूस चालढकल करतो. आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडील मृत्युपत्र न करता गेले, तेव्हा एक तृतीयांश आईचं आणि उरलेल्या दोन तृतीयांशात तुम्ही दोघे भाऊ सारखे. आईही तसंच गेली असेल तर तिचा हिस्सा तुम्हा दोघांत अर्धा-अर्धा. म्हणजे घरातलं निम्मं तुमच्या भावाचं होतं. आता तोही मृत्युपत्राशिवाय गेला असेल तर त्या निम्म्यातला एक तृतीयांश त्याच्या बायकोचा आणि दोन तृतीयांश मुलांचा. कुठला दस्त करायचा, मुद्रांक शुल्क किती, मुलं अल्पवयीन असतील तर काय, आणि कुलमुखत्यारपत्र जसं वापरलं गेलं त्याचे तुमच्यावर कायदेशीर परिणाम काय होऊ शकतात, हे पैसे घेऊन काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या वकिलाला विचारा, नात्यातल्याला नको. कागदोपत्री हिशेब होईल तेव्हा इतकी वर्षं त्या घरानं जे भाडं भरलं तेही विसरू नका.

भावजयीकडे जाताना मोठ्या मनाचे दीर म्हणून जाऊ नका. मिठाई नको, मुलांना पाकिटं नकोत. जे त्यांचंच आहे ते परत करायला तुम्ही जाताय, मदत करायला नाही, आणि हा फरक तुमच्या पहिल्या वाक्यातच त्यांना ऐकू यायला हवा. वहिनी, मी तुमच्या नवऱ्याला फसवलं, घरातलं निम्मं त्याचं होतं, ते मी तुम्हाला परत देतोय, असं सरळ बोला. त्या दार लावतील, रडतील, शिव्या देतील, किंवा काहीच बोलणार नाहीत. त्यांनी लगेच माफ करावं अशी अपेक्षा धरायचा तुम्हाला हक्क नाही. मला माफ केलं म्हणा, असा आग्रह तर अजिबात करू नका, कारण मग तुम्ही परत करत नाही, विकत घेत आहात असं होतं. त्यांची क्षमा त्यांच्याकडे आहे, त्यांच्या वेळेनं येईल किंवा येणारही नाही. देवाची क्षमा त्यासाठी अडून राहत नाही.

इथे यहूदा इस्कर्योताची आठवण काढावी लागते. प्रभूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची 30 नाणी त्यानं परत नेली. मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं, असं तोंडानं कबूलही केलं. पण कुणापुढे? याजकांपुढे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. ज्याचा घात केला त्याच्याकडे परत जाता येईल हे त्याच्या मनात आलं नाही. पेत्र या शिष्यानं प्रभूला तीनदा नाकारलं, तोही ढसाढसा रडला, पण इतरांना सोडून गेला नाही, आणि पुढे समुद्रकाठी प्रभूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? दोघांनीही गुरूला दगा दिला होता. पैसे परत करणारा यहूदा निराशेत बुडाला, कारण त्यानं परतफेड केली पण दयेवर विश्वास ठेवला नाही. नुसती परतफेड तुम्हाला वाचवणार नाही, हे मला तुमच्या बाबतीत फार काळजीनं सांगायचं आहे. सगळा हिशेब चुकता करूनही तुम्ही पायरीवरच उभे राहाल अशी मला भीती वाटते. सावकाराची वही आपल्याला इतकी ओळखीची असते की देवाकडेही तीच असेल असं आपण धरून चालतो. 136 व्या स्तोत्राच्या 26 ओव्या आहेत आणि सव्वीसही वेळा शेवट एकच, त्याची दया सनातन आहे. सृष्टीची निर्मिती आली तरी तेच, मिसरातून सुटका आली तरी तेच, आणि आमच्या हीन अवस्थेत त्यानं आमची आठवण केली तिथेही तेच. हे स्तोत्र मोठ्यानं म्हणा, सव्वीसही वेळा, कंटाळून मधली गाळू नका.

रात्रीच्या झोपेसाठी डॉक्टरांनाही दाखवा. कन्फेशन आणि औषध यांचं भांडण नाही. कधी जगणंच नको असं वाटलं, तर त्या क्षणी एकटे राहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

पत्नीला सांगा. कन्फेशन झाल्यावर, वकिलाकडे जाण्याआधी. घर तिचंही आहे, हिशेब तिच्याही आयुष्याचा बदलणार आहे, तिला बाहेरून कळणं हा दुसरा अन्याय होईल. ती जी जपमाळ म्हणते ती पोलंडच्या एका सिस्टरच्या, फॉस्तिनाच्या, अनुभवातून आली. ती 1938 साली वयाच्या 33 व्या वर्षी वारली आणि 30 एप्रिल 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत म्हणून घोषित केलं. पुनरुत्थानानंतरचा रविवार तेव्हापासून सगळं कॅथलिक चर्च दैवी दयेचा रविवार म्हणून पाळतं. दैवी दयेचं ते चित्र, प्रभूच्या हृदयातून निघणारे पांढरे आणि लाल किरण, तुम्ही किती ठिकाणी पाहिलं असेल. खाली लिहिलेलं असतं, येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. पापी माणसानंच ते म्हणावं यासाठी ते तिथे लिहिलं आहे. तीन वाजता आतल्या खोलीत जायचं कारण उरलेलं नाही.

आणि भाऊ. त्याच्याशी समेट होणारच नाही हे मी मानत नाही. मृत्यूनं आपली आणि त्यांची संगत तुटत नाही, म्हणून तर 2 नोव्हेंबरला सगळी मुंबई कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जाते. त्याच्या नावानं मिस्सा सांगा. कबरीवर जा आणि त्याच्याशी बोला, जे बोलायचं राहिलं ते सगळं. तो भांडला नाही असं तुम्ही लिहिलंत. का भांडला नाही ते तुम्हाला कधी विचारता आलं नाही. पण तो आता जिथे आहे तिथे ज्याच्या दयेवर तो अवलंबून आहे, त्याच्याच दयेवर तुम्हीही आहात.

रक्कम एकरकमी देता आली नाही, फ्लॅट विकायला वेळ लागला, हप्त्यानं द्यायचं ठरलं, तर तसं लेखी करून घ्या आणि पहिला हप्ता त्याच महिन्यात वहिनींच्या खात्यावर जमा करा.